औषध कुणी दाबलेलं नाही

गेल्या महिन्यात सांगलीहून मामेभावाचा फोन आला. मामांना कंपवात होऊन नऊ वर्षं झाली. हल्ली गोळीचा असर उतरला की त्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात. "ताई, तू कॉलेजात हेच शिकवायचीस ना? मग खरं सांग. मेंदूतल्या पेशी परत वाढवणारं औषध वीस वर्षांपूर्वीच सापडलंय आणि कंपनीनं दाबून ठेवलंय म्हणतात. खरं आहे का?"

ही गोष्ट मी त्याच्याआधीही पुष्कळांकडून ऐकली आहे. दवाखान्याबाहेरच्या बाकावर, ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. तपशील थोडे बदलतात, सांगाडा तोच. वय झालं की मेंदूचं पोषण आटतं. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी उपासमारीनं मरतात. त्यांना जगवणारं प्रथिन १९९३ मध्ये सापडलं, माकडांना त्यानं गुण आला, माणसांनाही आला, आणि फायदा दिसत असतानाच कंपनीनं ते काढून घेतलं. का? तर रोगच बरा झाला तर रोजच्या गोळ्या कोण विकत घेणार?

या गोष्टीतले बरेचसे तपशील खरे आहेत, म्हणूनच ती इतकी टिकली. चूक आहे ती पहिल्या दोन वाक्यांत, उपासमारीच्या. आणि नेमक्या त्या वाक्यांवर कुणीच शंका घेत नाही, सगळा राग कंपनीवर निघतो. तेव्हा आधी कंपनीचंच पाहू.

प्रथिनाचं नाव जीडीएनएफ. अमेरिकेत कोलोराडोमधल्या बोल्डर इथल्या सिनर्जेन नावाच्या छोट्या कंपनीत लिन, कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उंदराच्या ग्लियल पेशींच्या द्रवातून वेगळं केलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या भ्रूणाच्या डोपामिन पेशी त्याच्या सहवासात जास्त जगत होत्या. १९९३ मध्ये 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. पुढच्याच वर्षी अ‍ॅमजेन या बड्या कंपनीनं सिनर्जेन विकत घेतली. १९९६ मध्ये केंटकीच्या गटानं कंपवातासारखी लक्षणं निर्माण केलेल्या माकडांवर ते वापरलं आणि माकडं सुधारली.

माणसाच्या बाबतीत पहिली अडचण रस्त्याची. हे प्रथिन मोठं असल्यानं रक्तातून मेंदूत शिरत नाही. गोळी नाही, शिरेतून इंजेक्शन नाही. कवटीला छिद्र पाडूनच आत पोचवावं लागतं. सुरुवातीला ते मेंदूच्या पाण्याच्या पोकळीत सोडून पाहिलं. ५० रुग्णांच्या त्या चाचणीचा निकाल २००३ मध्ये आला: फायदा नाही, मळमळ, उलट्या, वजन घटणं मात्र भरपूर. प्रथिन पोकळीच्या भिंतीपलीकडे झिरपतच नव्हतं. त्याच वर्षी ब्रिस्टलचे शल्यविशारद स्टीव्हन गिल यांनी ते बारीक नळीनं थेट प्युटामेनमध्ये, म्हणजे डोपामिनचे तंतू जिथे पोचतात त्या भागात सोडलं. पाच रुग्ण. वर्षभरानं, गोळीचा असर नसताना मोजलेली त्यांची हालचाल सरासरी ३९ टक्क्यांनी सुधारलेली निघाली. केंटकीत दहा जणांवरही असाच उत्साहवर्धक अनुभव आला.

मग अ‍ॅमजेननं खरी परीक्षा घेतली. ३४ रुग्ण, सगळ्यांच्या डोक्यात नळ्या, पोटाच्या कातडीखाली पंप. निम्म्यांच्या पंपात जीडीएनएफ, निम्म्यांच्या पंपात नुसतं द्रावण. कुणाच्या पंपात काय आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. सहा महिन्यांनी औषधवाले १० टक्क्यांनी सुधारले, नुसत्या द्रावणवाले ४.५ टक्क्यांनी. एवढ्या फरकावरून काहीच ठरवता येत नव्हतं. त्यातच मोठे डोस दिलेल्या काही माकडांच्या अनुमस्तिष्कातल्या पेशी नष्ट झालेल्या आढळल्या, काही रुग्णांच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली दिसली, आणि सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीनं सगळं थांबवलं.

कंपनीचा माझ्या लेखी एक मोठा दोष आहे, तो आत्ताच सांगून टाकते. ज्यांनी विज्ञानासाठी कवटीला छिद्रं पाडून घेतली त्यांतल्या अनेकांना वाटत होतं की आपल्याला गुण येतोय. सगळे धोके समजून, सही करून, त्यांनी औषध चालू ठेवायला मागितलं. कंपनी नाही म्हणाली. २००५ मध्ये न्यूयॉर्क आणि केंटकीतल्या रुग्णांनी खटले भरले आणि ते हरले. कायदा कंपनीच्या बाजूनं होता, मन माझं रुग्णांच्या बाजूनं आहे. पोटातला पंप निर्जीव होताना पाहणाऱ्या माणसाला टक्केवारी ऐकवणं हा शुद्ध कोडगेपणा होता.

पण कोडगेपणा वेगळा आणि दाबून ठेवणं वेगळं. पुढे या प्रथिनाचे हक्क मेडजेनेसिस नावाच्या कॅनडातल्या छोट्या कंपनीकडे गेले. ब्रिस्टलच्याच गटानं, रुग्णांच्या संस्थांनी जमवलेल्या पैशांतून, तेच प्रथिन पुन्हा तपासलं. त्याचं भावंड असलेल्या न्यूर्ट्युरिनचं जनुक विषाणूच्या वाहनातून मेंदूत पोचवण्याचे दोन प्रयोग सेरेजीन या वेगळ्याच कंपनीनं केले, एक ५८ रुग्णांवर, दुसरा ५१ रुग्णांवर. जीडीएनएफचं जनुक अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेत १३ रुग्णांना दिलं गेलं. आज बायरच्या मालकीची अ‍ॅस्कबायो त्याच वाटेनं पुढच्या टप्प्याची चाचणी करते आहे. दाबून ठेवलेल्या औषधाच्या वाट्याला एवढे हात येत नाहीत.

इथे गोष्ट सांगणारा हुशार असेल तर आपली जागा बदलतो. "कंपनी राहू दे. पण औषध नीट पोचलंच नव्हतं. नळी वेगळी होती, डोस कमी होता." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्रिस्टलची नळी आणि अ‍ॅमजेनच्या चाचणीतली नळी खरोखरच वेगळ्या होत्या, आणि गिल यांच्या बाजूचे लोक वर्षानुवर्षं हेच सांगत होते. न्यूर्ट्युरिनच्या रुग्णांच्या शवविच्छेदनात तर दिसलं की प्रथिन प्युटामेनच्या छोट्याशा भागातच तयार होत होतं आणि खाली मूळ पेशींपर्यंत जवळजवळ पोचतच नव्हतं.

म्हणून ब्रिस्टलच्या दुसऱ्या चाचणीचं महत्त्व. ती याच आक्षेपाला उत्तर म्हणून आखली होती. नव्यानं बनवलेल्या चार नळ्या यंत्रमानवाच्या मदतीनं मेंदूत बसवलेल्या, कानामागे कवटीत रोवलेलं झाकण, दर चार आठवड्यांनी दाबाखाली औषध. आधी सहा रुग्णांवर रंगीत तालीम, मग ३५ जणांवर नऊ महिन्यांची मुख्य चाचणी. या वेळी औषध नीट पोचलं याचा पुरावाही मिळाला. डोपामिनची हालचाल टिपणाऱ्या पेट स्कॅनमध्ये औषधवाल्यांचं प्युटामेन उजळलं, पुढच्या भागात २५ टक्के, मागच्या भागात तब्बल १०० टक्के. द्रावणवाल्यांत तसं काही नाही. आणि रुग्ण? हालचालीच्या मोजपट्टीवर औषधवाले १७.३ टक्क्यांनी सुधारले, द्रावणवाले ११.८ टक्क्यांनी. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक योगायोगापेक्षा वेगळा म्हणता येत नाही. २०१९ मध्ये हे 'ब्रेन'मध्ये छापून आलं.

चित्र उजळलं, माणूस मात्र त्या प्रमाणात हलला नाही. माझ्या मते सगळ्या वादातला हा एकच मुद्दा निर्णायक आहे. पोचलंच नाही म्हणायची सोय त्यानं काढून घेतली.

प्रतिपक्षाकडे यानंतरही एक पत्ता उरतो आणि तो हलका नाही. औषध मिळालेल्यांपैकी नऊ जणांत दहा किंवा त्याहून अधिक गुणांची, म्हणजे घरच्यांना सहज जाणवावी इतकी सुधारणा होती. द्रावणवाल्यांत तशी एकालाही नव्हती. मात्र ही कसोटी चाचणी सुरू होण्याआधी ठरलेली नव्हती. निकाल हाती आल्यावर आकडे चाळताना ती सापडली. बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढलं तर नेम चुकलेला दिसत नाही. पुढच्या चाचणीत हीच कसोटी आधी जाहीर करून ती उतरली, तर मी जाहीरपणे माघार घेईन.

पाच रुग्णांतले ३९ टक्के नंतर गेले कुठे, हेही पाहायला हवं. कंपवातात प्लासिबोचा परिणाम फार दांडगा असतो, कारण बरं वाटेल या अपेक्षेनं मेंदू स्वतःच डोपामिन सोडतो, आणि या रोगात कमतरता नेमकी त्याचीच. डोक्यावर शस्त्रक्रिया झालेली, दर महिन्याला रुग्णालयात बोलावणं, आपुलकीनं विचारपूस करणारे डॉक्टर. अशा माणसाची हालचाल सुधारली नाही तरच नवल. द्रावणवाले ११.८ टक्क्यांनी सुधारले ते उगीच नव्हे. रुग्ण खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच बरं वाटत होतं.

आता मुळाशी येऊ, त्या उपासमारीच्या वाक्यांपाशी.

पेशींना जगवणाऱ्या अशा प्रथिनांची, म्हणजे वृद्धिघटकांची, कल्पना आली ती भ्रूणाच्या अभ्यासातून. रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ट्यूरिनमधल्या घरी, झोपण्याच्या खोलीत, कोंबडीच्या अंड्यांवर काम सुरू केलं. पुढे अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये त्यांनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी चेतापेशींचा वृद्धिघटक शोधला. १९८६ चं नोबेल त्यासाठी. यातून जे चित्र उभं राहिलं ते खरोखर देखणं आहे. भ्रूणात चेतापेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. प्रत्येकीचा तंतू आपल्या लक्ष्याकडे धावतो, लक्ष्य मोजकंच पोषक प्रथिन सोडतं, ज्यांना मिळालं त्या जगतात, बाकीच्या मरतात. उपासमारीनं मरणं ही इथे अलंकारिक भाषा नाही, अक्षरशः तेच घडतं.

पण हे भ्रूणाचं वर्णन आहे. पंच्याहत्तरीच्या माणसाच्या मेंदूत पेशी याच कारणानं मरतात, हे वेगळं सिद्ध करावं लागेल, आणि तसा प्रयत्न झालाही. २००८ मध्ये स्पेनमधल्या पास्कुआल आणि लोपेझ-बार्नेओ यांच्या गटानं प्रौढ उंदरांत जीडीएनएफचं जनुक बंद केलं. डोपामिन पेशी मोठ्या संख्येनं मेल्या. गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. २०१५ मध्ये हेलसिंकीच्या सार्मा यांच्या गटानं हाच प्रयोग वेगवेगळ्या पद्धतींनी केला आणि लिहिलं की पेशी मरत नाहीत, जीडीएनएफ त्यांच्या जगण्यासाठी आवश्यक नाही. दोन्ही निबंध 'नेचर न्यूरोसायन्स'मध्येच. स्पॅनिश गटानं उत्तर दिलं, वाद मिटला नाही. म्हणजे म्हातारपणी पोषण आटतं म्हणून पेशी मरतात या विधानाचा पाया उंदरातसुद्धा वादग्रस्त आहे, आणि आपण ते पंगतीत ठामपणे ऐकवतो.

तरीही लोकांना ते इतकं पटतं, त्याला लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवाताच्या रोजच्या गोळीतल्या औषधाचा, इतिहास कारणीभूत आहे असं मला वाटतं. त्या इतिहासात मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं. त्याच मुळीतून मिळणारं रिसर्पिन स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना टोचलं, तेव्हा ससे लुळे पडले. लेव्होडोपा दिल्यावर उठून हिंडू लागले. हे १९५७ चं. १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवातानं गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचं दिसलं, १९६७ पर्यंत लेव्होडोपा रुग्णांना चालू लागलं होतं. जे कमी पडलं ते बाहेरून द्या, हा तर्क इतका लख्ख यशस्वी झाला की पुढच्या प्रत्येक प्रश्नाला आपण तोच लावतो. पण डोपामिनची कमतरता मोजलेली होती, दर वेळी सापडत होती. जीडीएनएफची तशी कमतरता रुग्णांच्या मेंदूत ठामपणे दाखवली गेलेली नाही. मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हातारपण आणि कंपवात यांची सरमिसळ ही दुसरी चूक. १९९१ मध्ये फर्नली आणि अँड्र्यू लीज यांनी लंडनमध्ये मृतांच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या. निरोगी माणसांत सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या, म्हणजे मेंदूच्या देठातल्या त्या काळसर पट्ट्यातल्या पेशी दर दशकाला सुमारे ४.७ टक्के घटत होत्या, संथ, सरळ रेषेत. कंपवातात पहिल्या दशकातच ४५ टक्के. त्याहून बोलका मुद्दा जागेचा आहे. वयामुळे पट्ट्याच्या वरच्या थरातल्या पेशी अधिक जातात, कंपवातात खालच्या बाहेरच्या थरातल्या. दोन्हींत घर एकच, पण पडझड वेगवेगळ्या खोल्यांत. कंपवात म्हणजे घाईनं आलेलं म्हातारपण नव्हे.

मग माकडं का सुधारली? त्यांचा आजार वेगळा होता म्हणून. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचं कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेली काही तरुण माणसं थोड्याच दिवसांत कंपवाताच्या रुग्णासारखी गोठली. दोष एमपीटीपी या रसायनाचा होता. प्रयोगशाळेतल्या माकडांना तेच देतात. हे विष एकदा घाव घालतं आणि निघून जातं. वाचलेल्या पेशींवर नंतर हल्ला होत नाही, त्यांना खतपाणी मिळालं की त्या नवे फुटवे काढतात. माणसाच्या कंपवातात हल्ला थांबत नाही. पेशीत अल्फा-सिन्युक्लिनचे गोळे साचत राहतात. स्वीडनमधल्या लुंडच्या गटानं उंदरांच्या मेंदूत हेच प्रथिन वाढवलं, तेव्हा जीडीएनएफनं त्या पेशी वाचवल्या नाहीत. त्यांच्या मते पेशीवरचा जीडीएनएफ ओळखणारा रेट हा ग्राहकच कमी झाला होता. माणसात तसं होत नाही असं सांगणारं कामही नंतर आलं, तेव्हा या मुद्द्यावर मी फार भार टाकत नाही.

भार टाकते तो कॉर्डोवर यांच्या २०१३ च्या निबंधावर. निदानानंतर वेगवेगळ्या वर्षी मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू त्यांनी तपासले. चौथ्या वर्षापर्यंत प्युटामेनच्या वरच्या भागातले डोपामिनचे तंतू जवळजवळ संपलेले होते. अशा एका पेशीचा तंतू माणसात, त्याच्या सगळ्या शाखा धरून, अंदाजे चार मीटरहून लांब भरतो आणि दहा लाखांवर जोडण्या सांभाळतो. ते झाड वठल्यावर आपण आळ्यात खत ओतत होतो, कारण या चाचण्यांतल्या बहुतेकांचा आजार तोवर बरीच वर्षं जुना होता.

जीडीएनएफ माणसाच्या मेंदूत काहीच करत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. गिल यांच्या पहिल्या पाचांपैकी एक रुग्ण पुढे वेगळ्या कारणानं वारला. २००५ मध्ये त्याच्या मेंदूचा अहवाल आला: ज्या बाजूला औषध सोडलं होतं त्या बाजूला तंतूंचे नवे फुटवे दिसत होते. वृद्धिघटक औषध म्हणून चालूच शकत नाहीत असंही नाही. लेव्ही-मॉन्ताल्चिनींच्या प्रथिनाचे थेंब डोळ्याच्या बुबुळावरच्या एका दुर्मीळ विकारासाठी युरोपात २०१७ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. तिथे बुबुळाच्या चेतातंतूंनाच इजा झालेली असते आणि औषध थेंबानं थेट जागेवर पडतं.

बीडीएनएफ नावाचा आणखी एक वृद्धिघटक वाढवून मेंदू तरुण करणाऱ्या गोळ्या, पावडरी, हळदीचे अर्क यांच्यासाठी मला एवढाच कागद पुरे: रक्तातलं बीडीएनएफ मुख्यतः बिंबाणूंमधून येतं, तेव्हा रक्ताच्या अहवालातला आकडा मेंदूचं फारसं काही सांगत नाही. व्यायामाची गोष्ट निराळी. निदान नुकतंच झालेल्या १२८ रुग्णांच्या २०१८ च्या चाचणीत, आठवड्यातून सरासरी तीनदा ट्रेडमिलवर दम लागेल इतकं चालणाऱ्यांची हालचाल सहा महिन्यांत जवळपास जागेवर राहिली, नेहमीचीच दिनचर्या ठेवलेल्यांची सुमारे तीन गुणांनी खालावली. ते बीडीएनएफमुळे झालं की आणखी कशामुळे, याचा चालणाऱ्याला काय फरक पडतो?

जीडीएनएफची रास्त परीक्षा घ्यायची तर ती निदानानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, तंतू शिल्लक असताना घ्यायला हवी. पण त्या वर्षांत माणूस गोळ्यांवर छान चालतो-फिरतो, नोकरीही करतो. त्याच्या कवटीला छिद्र पाडा, आणि कदाचित आत नुसतं द्रावणच जाईल, असं त्याला कोण सांगणार? अडचण आहे ती इथे, आणि गोष्ट सांगणाऱ्यांना तिच्यात रस नाही.

हे सगळं मी मामेभावाला फोनवर सांगितलं नाही. बरंचसं सांगितलं, तो ऐकत राहिला, आणि मध्येच म्हणाला, "म्हणजे मामलेदाराला सोडून कारकुनावर ठपका ठेवतेस तू." मला हसू आलं. मग मी त्याला विचारलं, मामा दुपारची गोळी कशाबरोबर घेतात?

"जेवणाबरोबरच की. रिकाम्या पोटी गोळी नको म्हणते आई. उसळ असते, वाटीभर दही असतं. दूध पण."

लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत ज्या वाटेनं जातं, त्याच वाटेवर उसळीतली नि दह्यातली प्रथिनं पचून गर्दी करतात, आणि गोळी मागे राहते. दुपारी दोननंतर मामा खुर्चीत का रुततात याचं निदान एक कारण तिथे, ताटात होतं. डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेऊन बघा, म्हटलं.

"आई ऐकायची नाही," तो म्हणाला.

मग फोन मामीलाच द्यायला सांगितला.